जाड प्लास्टिक सीएनसीवर कापायला कोणता बिट घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे सीएनसी राउटर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं कापायचं मशिन) आहे. आजवर त्यावर लाकूड आणि एमडीएफच कापलं. आता २५ मिमी जाडीचं ॲक्रिलिक आणि तेवढंच जाड एचडीपीई (घट्ट पॉलिथिन) कापायचं काम आलं आहे. सध्या लाकडासाठी घेतलेला ६ मिमीचा, दोन धारांचा स्पायरल बिट लावतो. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) १८,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, फीड म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला १,२०० मिमी. पहिले एक-दोन पास बरे जातात, मग प्लास्टिक वितळून कटमध्येच परत चिकटतं आणि बिटवर गोळा जमतो. फीड कमी करून पाहिलं तर आणखी बिघडलं. कोणता बिट घेऊ?

उत्तर: फीड कमी केल्यावर काम बिघडलं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. दुखणं नेमकं कुठे आहे ते त्या एका वाक्यावरून कळतं. लाकूड कापणाऱ्या हाताला सवय असते की जड जातंय असं वाटलं की हळू चालवायचं. प्लास्टिकमध्ये हळू चालवलं की धार कापत नाही, घासते. घासली की तापते आणि तापली की माल वितळतो.

घाईत असाल तर आधी थेट उत्तर देतो. सॉलिड कार्बाइडचा, एका धारेचा, ओ-फ्लूट (गोलसर खाचेचा), अपकट (चिप म्हणजे कापलेला कीस वर काढणारा) स्पायरल बिट घ्या. व्यास ८ मिमी, धारेची लांबी शीटच्या जाडीपेक्षा तीन-चार मिमी जास्त, त्याहून अधिक नाही. तुमच्या कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या नळीत) ८ मिमीचा शँक (बिटचा दांडा) बसत नसेल तर ६ मिमीचा घ्या, पण मग पास उथळ ठेवा. दोन्ही प्लास्टिकसाठी स्वतंत्र बिट ठेवा आणि ते लाकडाला कधीही लावू नका. आता हे सगळं का, ते सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी वेगळं प्लास्टिक समोर आलं तरी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

तुमचाच आकडा घेऊ. एका फेरीत एक धार जेवढ्या जाडीचा माल उचलते त्याला चिपलोड म्हणतात. फीडला आरपीएम आणि धारांची संख्या यांच्या गुणाकाराने भागलं की तो मिळतो. तुमच्या बाबतीत १,२०० भागिले ३६,०००, म्हणजे ०.०३३ मिमी. फीड निम्मं केलंत तेव्हा तो ०.०१७ झाला. इतक्या पातळ चिपला धार पकडतच नाही. कितीही नवी असली तरी कोणतीही धार टोकाला किंचित गोल असते, आणि एमडीएफ कापलेल्या बिटची तर बरीच गोल झालेली असते. चिपची जाडी त्या गोलाईच्या जवळपास आली की धार मालात शिरायच्या ऐवजी त्यावरून सरकते. ६ ते ८ मिमीच्या बिटला बहुतेक प्लास्टिकमध्ये ०.१ ते ०.३ मिमी चिपलोड लागतो. तुम्ही त्याच्या खालच्या टोकाच्याही एक तृतीयांशावर होता.

धातू कापताना चूक झाली तर बरीचशी उष्णता जॉबमधून (कापायच्या मालातून) पसरून निघून जाते. प्लास्टिकमध्ये ही सोय नाही. ॲक्रिलिक किंवा एबीएस उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनिअमच्या साधारण हजारपट मागे आहे. धारेपाशी जी उष्णता तयार होते ती तिथेच साचते. ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं. घासणाऱ्या कार्बाइडला तिथवर पोचायला काही सेकंद पुरतात. ती उष्णता बाहेर न्यायला खात्रीचा एकच वाहक आहे, तो म्हणजे चिप. चिप जाड असेल तर ती उष्णता पोटात घेऊन बाहेर पडते. पातळ असेल किंवा खाचेतच अडकून राहिली तर उष्णता परत कटमध्ये. म्हणून बिट निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की चिप किती जाड निघेल आणि तिला बाहेर पडायला वाट किती आहे. धार किती टिकेल, किंमत किती, हे सगळं नंतर.

एका धारेचा आग्रह इथूनच येतो. दोन धारांच्या बिटला ०.१५ चिपलोड द्यायचा तर १८,००० आरपीएमला फीड ५,४०० लागेल. लहान आणि मध्यम मशिन सरळ रेषेत एकवेळ तेवढं धावतील, पण कापताना नाही. एक धार असेल तर तेच गणित २,७०० वर येतं. मशिनला २,७०० ही जमत नसेल तर आरपीएम उतरवा. १३,००० आरपीएमला २,००० फीड दिलं तरी ०.१५ पेक्षा थोडा जास्तच चिपलोड मिळतो. स्पिंडल फार खाली नेऊ नका, कारण बहुतेक राउटर स्पिंडलचा जोर कमी आरपीएमला उतरतो. पण मशिनचं फीड वाढत नसेल तर आरपीएम कमी करणं हाच योग्य रस्ता आहे. १८,००० वरून हलायचं नाही असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

एका धारेचा दुसरा फायदा म्हणजे जागा. बिटचा जो भाग दुसऱ्या धारेने व्यापला असता तो पूर्ण चिपसाठी मोकळा राहतो. ओ-फ्लूटमध्ये ही खाच आतून गोलसर घासलेली असते. चिप त्या गुळगुळीत वळणावरून सरकते, कुठे कोपऱ्यात दबून बसत नाही. चांगल्या ओ-फ्लूटची खाच आरशासारखी चमकते. ती चमक दिखाव्यासाठी नसते, खडबडीत खाचेत वितळू पाहणाऱ्या प्लास्टिकला पकड मिळते. विकत घेताना बिट उजेडात धरून खाचेत घासल्याच्या रेघा दिसतात का ते बघा. दिसत असतील तर जाड प्लास्टिकसाठी तो घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

याच कारणाने लाकडाचे, पाती ब्रेझिंग करून बसवलेले सरळ बिट इथे कामाचे नाहीत. धातू कापायचे तीन-चार धारांचे एंड मिल तर त्याहून वाईट. त्यांच्यावरचा सोनेरी किंवा काळा लेप पाहून मोह होतो, पण लेपाने धार किंचित गोल होते आणि प्लास्टिकला हवी असते ती नागडी, तीक्ष्ण धार. लेप कामाला येतो तो काचेचे तंतू भरलेल्या मालात, म्हणजे जी-१०, एफआर-४ किंवा ग्लास भरलेल्या नायलॉनमध्ये. तिथे माल कार्बाइडला खातो आणि हिऱ्याचा लेप असलेला बिट आपली किंमत वसूल करून देतो. साध्या प्लास्टिकला लेप नकोच.

अपकट की डाउनकट, यावर पातळ शीटमध्ये चर्चा होऊ शकते. २५ मिमीत नाही. डाउनकट बिट चिप खाली दाबतो. ३ मिमीच्या शीटला ते चालून जातं, कारण वरची कड छान येते आणि शीट उचलली जात नाही. २० मिमी खोल खाचेत खाली दाबलेली चिप जाणार कुठे? ती तळाशी बसते, पुढच्या फेरीत पुन्हा कापली जाते, गरम होते आणि शेवटी खाच भरून टाकते. तुमच्या कटमध्ये जे परत चिकटलेलं दिसतं ते बहुधा हेच, आधी एकदा कापून झालेलं प्लास्टिक. वर अपकट आणि खाली डाउनकट असं नसतं, उलट खाली अपकट आणि वर डाउनकट असा कॉम्प्रेशन बिट मिळतो. तो दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेल्या बोर्डासाठी आहे, खोल प्लास्टिकला तो चिप मधेच कोंडतो. अपकटचा तोटा एवढाच की तो जॉब वर ओढतो, म्हणून पकड मजबूत हवी. ती देता येत नसेल तर सरळ खाचेचा ओ-फ्लूट घ्या. तो वर ओढत नाही आणि खालीही दाबत नाही, फक्त हवेचा झोत जोरात लागतो.

आता ॲक्रिलिक आणि एचडीपीईला वेगळे बिट का. बिट बनवणारे मऊ प्लास्टिक आणि कडक प्लास्टिक असे दोन प्रकार करतात. धारेचा कोन त्यानुसार बदलतो. चिप कशी निघते यावरून माल ओळखा. एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन, यूएचएमडब्ल्यू पॉलिथिन यांची चिप वळून लांब निघते, हे मऊ. कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) ॲक्रिलिकची चिप तुकड्यातुकड्यांनी, पापुद्र्यासारखी तुटते, हे कडक. मऊ मालाला जास्त झुकलेली, चाकूसारखी धार लागते, ती माल सोलून काढते. हीच धार कडक मालात घातली तर ती माल ओढते आणि कडेला बारीक टवके उडवते. कडक मालासाठीची धार कमी झुकलेली असते. यातली अदलाबदल केली तर काम थांबत नाही, पण कड खराब येते. एकच बिट परवडणार असेल तर तुमच्या कामात ज्या कडेकडे लोक बघणार आहेत तिच्यासाठी घ्या, म्हणजे ॲक्रिलिकसाठी.

ॲक्रिलिक घेतानाच विचारा की कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड (वितळवून फटीतून दाबून काढलेलं). कास्टमधले रेणू लांब असतात, ते उष्णता जास्त सोसतं आणि कोरडी चिप देतं. एक्स्ट्रुडेड लवकर चिकट होतं. जाड कामाला मी कास्टच मागतो. पण कास्टची एक गोष्ट लक्षात ठेवा, तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. २५ मिमीच्या शीटमध्ये दोन मिमीपर्यंतचा फरक निघू शकतो. व्हर्नियरने चारही कडांना मोजा आणि जास्तीत जास्त जाडी धरूनच बिटची लांबी व कटची खोली ठरवा.

लांबीबद्दल जरा जास्तच सांगतो, कारण चुकीच्या लांबीमुळे फुकट गेलेले चांगले बिट मी खूप पाहिले आहेत. दुकानात लांब बिट दिसला की माणूस म्हणतो, हाच घेऊ, पुढे ४० मिमीच्या कामालाही चालेल. कोलेटमधून बाहेर आलेली लांबी दीडपट झाली की तेवढ्याच जोराला बिट साधारण ३.४ पट वाकतो, कारण वाकणं लांबीच्या घनात वाढतं. व्यासाचा हिशेब याहून तीव्र आहे, तिथे चौथा घात लागतो. ६ वरून ८ मिमीवर गेलात की बिट तिपटीहून ताठ होतो. ८ मिमी सुचवण्यामागे एवढंच कारण आहे. वाकलेला बिट कड तिरकी कापतो, थरथरतो, आणि थरथरताना एका क्षणी जास्त कापतो तर दुसऱ्या क्षणी नुसता घासतो. म्हणजे पुन्हा उष्णता. १० किंवा १२ मिमीला गेलात तर एका धारेचा बिट जास्त आरपीएमला तोल राखत नाही, कारण एका बाजूचा माल काढलेला असतो. त्या व्यासात, मशिन फीड देऊ शकत असेल तर, दोन धारांचा ओ-फ्लूट बरा.

माल ५० मिमीचा असेल तर धारेची लांबी ५५ मिमी असलेला बिट शोधू नका. धार छोटी आणि तिच्यावर मान थोडी बारीक केलेला बिट मिळतो, तो घ्या. मान बारीक नसेल तर धारेच्या वरचा गुळगुळीत शँक खोल खाचेच्या भिंतीला घासतो आणि तिथे प्लास्टिक चमकदार होऊन वितळतं. असा वितळलेला पट्टा कटच्या वरच्या अर्ध्या भागातच दिसत असेल तर बिटच्या धारेला दोष देऊ नका, शँक घासतो आहे.

यावर एक उपाय आहे आणि तो बिट न बदलताही निम्मं काम करतो. खाच बिटच्या मापाची कापू नका. ८ मिमीच्या बिटने ९.५-१० मिमी रुंदीची खाच करा, म्हणजे टूलपाथला (बिटच्या मार्गाला) दोन शेजारच्या रेघा द्या किंवा सॉफ्टवेअरमध्ये ट्रोकॉइडल किंवा ॲडॅप्टिव्ह पाथ (बिटला वळणं घेत थोडा थोडा माल घ्यायला लावणारा) असेल तर तो वापरा. बिट भिंतींमध्ये कोंडला जात नाही, चिपला वर यायला मोकळी जागा मिळते, हवेचा झोत तळापर्यंत पोचतो. थोडा माल जास्त जातो, पण जाड ॲक्रिलिकची एक वितळलेली कड वाया गेली तर त्याच्या कितीतरी पट जास्त जातो.

खोलीचा अंदाज असा: एका पासमध्ये बिटच्या व्यासाएवढं उतरत असाल तर पूर्ण चिपलोड द्या. व्यासाच्या दुप्पट उतरलात तर चिपलोड पाव भागाने कमी करा, तिप्पट उतरलात तर निम्मा. हे मजबूत मशिनचं झालं. हलक्या गँट्रीच्या (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाच्या) मशिनवर मी व्यासाच्या अर्ध्या ते पाऊण खोलीवर थांबतो आणि चिपलोड मात्र पूर्ण ठेवतो. तुमच्या २५ मिमीला ८ मिमीच्या बिटने पाच पास धरा. दहा पास करून फीड मंदावण्यापेक्षा पाच पास नीट फीडने केव्हाही चांगले.

मग कोपरे. सरळ रेषेत सगळं छान चालतं आणि नेमकं कोपऱ्यातच वितळतं, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. प्रोग्रॅममध्ये २,७०० लिहिलेलं असलं तरी काटकोनात वळताना मशिनला वेग उतरवावाच लागतो. वेग जवळपास शून्यावर येतो, स्पिंडल मात्र १८,००० वरच असतं. त्या क्षणी चिपलोड नाहीसा होतो. आतल्या कोपऱ्याला बिटच्या त्रिज्येपेक्षा मोठी गोलाई द्या. ४ मिमी त्रिज्येच्या बिटला कोपऱ्यात ५-६ मिमी दिली की तो न थांबता वळतो. बाहेरच्या कोपऱ्यालाही टोकाशी छोटी गोलाई ठेवली तर बरं. बिट एकाच जागी फिरत राहील असं काहीही प्रोग्रॅममध्ये नको. मालात शिरतानाही सरळ खाली ड्रिलसारखं उतरू नका, तीन-चार अंशांच्या उतारावरून किंवा गोल फिरत उतरा.

रनआउटकडे, म्हणजे फिरताना बिटच्या डगमगण्याकडे, लोक प्लास्टिकमध्ये दुर्लक्ष करतात. बिट ०.०५ मिमीने डगमगत असेल आणि धारा दोन असतील तर एक धार ०.१५ चा घास घेईल आणि दुसरी ०.०५ चा, सरासरी कागदावर ०.१ दिसत राहील. एका धारेच्या बिटला हा त्रास होत नाही. डगमगल्याने खाच थोडी रुंद होते, पण दर फेरीचा घास तेवढाच राहतो. तरीही कोलेट आणि नट पुसून स्वच्छ ठेवा. एमडीएफची धूळ कोलेटच्या चिरेत बसलेली असते, ती आधी काढा. शँक कोलेटच्या बहुतांश लांबीत बसला पाहिजे, मात्र खाचेचा भाग कोलेटमध्ये जाऊ देऊ नका.

हवेचा झोत हवाच. नळीचं तोंड बिटच्या अगदी जवळ, खाचेच्या तळाकडे रोखलेलं. त्याने बिट थंड राहतो हे खरं, पण त्याचं मुख्य काम चिप उडवणं हे आहे. व्हॅक्यूमचा ब्रश लावून वरून ओढणं खोल खाचेला पुरत नाही, तळातली चिप तिथेच राहते. ॲक्रिलिकवर पाण्याचा हलका फवारा चालतो. नायलॉनवर नको, ते पाणी पिऊन फुगतं. आणि ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटवर धातूसाठीचं कुठलंही कटिंग ऑइल मारू नका. अल्कोहोल आणि बरीचशी तेलं, द्रावकं ताण असलेल्या कडेवर केसासारख्या चिरा पाडतात, आणि त्या कधीकधी माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर दिसतात.

आता चिप हातात घेऊन बघा, मशिन थांबवून. कास्ट ॲक्रिलिक नीट कापलं जात असेल तर चिप पांढरट, अपारदर्शक, कोरडी आणि सुटी असते. तळहात तिरका केला की सगळी घसरून पडते. बोटांना जेमतेम कोमट लागते. चूक असेल तर ती पारदर्शक, वळलेली, एकमेकींना चिकटलेली निघते आणि तळहाताला लागून राहते. एचडीपीईची चिप स्वच्छ वळलेल्या पट्टीसारखी हवी, तिच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मेणासारखे गोळे आले तर घासणं चालू आहे. एखादी चिप सपाट करून व्हर्नियरमध्ये धरा. तुम्ही हिशेबाने ०.१५ धरलं असेल आणि चिप ०.०५ भरली तर मशिन सांगितलेल्या फीडने धावतच नाही आहे, असं समजा. स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा माझा या मोजमापावर जास्त विश्वास आहे.

बिट कडेने कोणत्या दिशेने न्यायचा याबद्दल एक सोपी युक्ती. टाकाऊ तुकड्यात एक सरळ खाच कापा, आरपार. खाचेच्या एका भिंतीवर क्लाइंब कट झालेला असतो, समोरच्या भिंतीवर कन्व्हेन्शनल. दोन्ही भिंती उजेडात धरून बघा आणि नखाने तपासा. जी जास्त स्वच्छ असेल ती जॉबच्या बाजूला येईल अशी दिशा प्रोग्रॅममध्ये द्या. क्लाइंबमध्ये चिप जाड सुरू होऊन पातळ संपते, त्यामुळे घासणं कमी, पण बिट भिंतीपासून दूर ढकलला जातो. कन्व्हेन्शनलमध्ये उलट. कुठल्या मालाला काय मानवतं हे बिट, मशिन आणि माल तिघांवर ठरतं, आणि ही खाच पाच मिनिटांत तुमच्याच मशिनवरचं उत्तर देते.

रफ (आधीच्या ढोबळ) पासमध्ये जॉबच्या कडेला ०.३ ते ०.५ मिमी माल ठेवा आणि शेवटचा पास पूर्ण खोलीत एकाच दमात घ्या, नाहीतर प्रत्येक पासची आडवी रेघ कडेवर राहते. इथे बहुतेकांचा हात पुन्हा फीडकडे जातो, शेवटचा पास म्हणून हळू. तसं करू नका. ८ मिमीचा बिट बाजूने फक्त ०.४ मिमी माल घेतो तेव्हा प्रत्यक्ष चिप हिशेबातल्या चिपलोडच्या निम्म्याहूनही पातळ होते. म्हणजे फिनिश पासला रफ इतकं तरी फीड लागतंच, मशिन डगमगत नसेल तर थोडं जास्तच. ही कड घासलेल्या काचेसारखी धुरकट येते, पूर्ण पारदर्शक येत नाही. तशी अपेक्षा राउटर बिटकडून ठेवू नका. पारदर्शक कड हवी तर नंतर पॉलिश करावं लागेल. ज्योतीने पॉलिश करणार असाल आणि मग ती कड द्रावकाने चिकटवणार असाल तर मधे ॲनीलिंग करा, ८० अंशांच्या आसपास काही तास आणि मग अगदी सावकाश थंड. नाहीतर तापलेल्या कडेतला ताण द्रावक लागताच चिरांच्या रूपाने बाहेर पडतो.

एचडीपीईला हे लाड लागत नाहीत. ते चिरत नाही, टवके उडत नाहीत. त्याचा त्रास म्हणजे कडेवरची कुसं आणि बिटला गुंडाळणारे धागे. कुसं आली की धार बोथट आहे किंवा चिप पातळ आहे, तिसरं कारण क्वचित. चिपलोड ०.२ पर्यंत न्यायला घाबरू नका. एक मात्र सांभाळा, एचडीपीई तापमानाने खूप फुगतं, ॲक्रिलिकपेक्षाही जास्त. आणि ॲक्रिलिकसुद्धा मीटरभर लांबीला १० अंशांत साधारण ०.७ मिमी बदलतं. कापून लगेच मोजलेलं माप खरं धरू नका, जॉब खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

इतर मालाबद्दल दोन शब्द. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, मऊ प्लास्टिकच्या बिटने आणि भरपूर हवेने कापतं. डेलरिन, म्हणजे ॲसिटल, कापायला सगळ्यात सुखाचं, जवळजवळ कुठलाही तीक्ष्ण बिट चालतो. पण ते जळलं तर फॉर्मल्डिहाइड सोडतं आणि पीव्हीसी जळलं तर हायड्रोजन क्लोराइड, जो फुप्फुसांना आणि मशिनच्या गाइडना दोन्हींना खातो. वितळण्याचा वास येऊ लागला की मशिन थांबवा, खिडकी उघडून कापत राहणं हा उपाय नाही.

पकडीचं बघा. जाड शीट स्वतःच्या वजनाने बसते, पण शेवटच्या पासला सुटा होणारा छोटा तुकडा अपकट बिट उचलतो आणि तो धारेत सापडतो. तळाशी ०.४ मिमीचा पापुद्रा किंवा दोन-तीन टॅब (न कापलेले छोटे जोड) ठेवा, नंतर हाताने काढा. शीटवर प्लास्टिकची संरक्षक फिल्म असेल तर कटच्या जागेची काढून टाका, ती बिटला गुंडाळते आणि तिचा गोंद वितळून खाचेत बसतो. कागदी असेल तर राहू द्या.

बिट कधी बदलायचा हे दिवसांवर नाही, धारेवर ठरवा. धार उजेडात फिरवून भिंगातून बघा. तीक्ष्ण धारेला उजेड परतवायला जागाच नसते, ती काळी दिसते. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकली की ती प्लास्टिकसाठी संपली, लाकडाला अजून चालेल. बिटवर चिकटलेलं ॲक्रिलिक स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, बिट काढून, मशिनपासून आणि ठिणगीपासून दूर, ॲसिटोनमध्ये ठेवा, सुटून येतं. एचडीपीईला ॲसिटोन काही करत नाही, ते कोमट करून सोलावं लागतं.

तुमच्या पहिल्या कटसाठी माझे आकडे: ८ मिमी ओ-फ्लूट, कास्ट ॲक्रिलिक, १६,००० आरपीएम, २,४०० फीड, ५ मिमी खोली, खाच १० मिमी, हवा पूर्ण, कडेला ०.४ मिमी माल शिल्लक. टाकाऊ तुकड्यात दीडशे-दोनशे मिमी सरळ कापून थांबा आणि चिप बघा. चिकट असेल तर आधी आरपीएम १३,००० वर आणा, फीडला हात लावू नका. टवके उडत असतील तर फीड दहा-दहा टक्क्यांनी उतरवा, पण १,८०० च्या खाली नको. तिथेही टवके थांबले नाहीत तर बिट मऊ प्लास्टिकचा आहे की कडक, हे पुन्हा एकदा तपासा.